पाठ

उलानबातरला जानेवारीत सूर्य उगवतो म्हणजे
धुरामागे कुणीतरी पितळी ताटली धरतं, एवढंच.
परीक्षेला अकरा दिवस. मी पाठ पाठ करते आहे:
मानेचे सात, बरगड्यांचे बारा, कमरेचे पाच,
मग ते पाच, जे वयात येता येता
एकमेकांत मुरून एकच झाले,
आणि शेवटी माकडहाड,
शेपटीची राहून गेलेली सही.

चोयजिलसुरेन सर हाडाचे शिक्षक.
विभागात खिळ्याला टांगलेला कणा प्लास्टिकचा, जुना, तारेत ओवलेला.
"यातला एक मणका खरा आहे," ते म्हणाले,
"आणि माणसाचा नाही. शोधा."
कुणी वही उघडली, कुणी फोन.
मी डोळे मिटून बोटं वरून खाली आणली.
कमरेचा तिसरा.
अंग लांबट, अरुंद, दोन्हीकडे पंख नको तेवढे लांब.
"मेंढी," मी म्हणाले. "तरणी."
आमच्या ताटात हा दर हिवाळ्यात येतो.
वडील सुरीच्या टोकानं सांधा चाचपतात,
हाड तोडत नाहीत. तोडणं म्हणजे अडाणीपणा.

सर हसले. मूळचा मणका कधी हरवला,
हा कुणी बसवला, त्यांनाही ठाऊक नाही.
"चार पायांवर गेलं त्याचं आयुष्य," म्हणाले,
"वरचं ओझं त्याला माहीत नाही.
टांगलेला आहे तोवर चालतंय."

रात्री कॅल्शियम.
थायरॉइडच्या पाठीशी चार ग्रंथी, मसुराएवढ्या,
झोप नावाची गोष्ट त्यांना माहीत नाही.
रक्तातली पातळी केसभर उतरली
की हाडाकडे निरोप जातो: काढ.
हाड काढून देतं.
मूत्रपिंडाला: सांडू नकोस.
आतड्याला: येईल ते आत घे,
पण ड जीवनसत्त्वाशिवाय आतडं नीट दार उघडत नाही,
आणि ते जीवनसत्त्व उन्हाशिवाय
(इथं मी खिडकीकडे पाहते. काचेवर आतून बर्फ.)

शंभरातले नव्व्याण्णव भाग हाडांत.
उरलेल्या एकातल्या चिमूटभरावर हृदय चालतं.
हे वाक्य मी अधोरेखित केलं,
मग रेघ खोडून टाकली.

बालरुग्ण विभागात दीड वर्षाचा मुलगा.
मनगटं जाड, बरगड्यांवर मण्यांची माळ,
पाय कंसासारखे, आत काहीच न लिहिलेल्या.
मुडदूस.
आई म्हणते, दूध भरपूर देतो, डॉक्टर. देतच असणार.
ऑक्टोबरपासून तो गुंडाळलेला, दाराबाहेर नाही.
तिला बोल लावावासा वाटला क्षणभर.
उणे पस्तीसमध्ये मी तरी कुठं काढणार होते
उघडं बाळ उन्हात,
आणि कुठल्या उन्हात?

एनेरेल माझ्या पाठचा.
त्याचेही पाय असेच होते.
नमद्याच्या तंबूत सगळे हसायचे:
हा खोगिरावर मापून घेतलेला!
घोट्याची हाडं फेकून आम्ही दान बघायचो,
घोडा, उंट, मेंढी, बोकड;
त्याला घोडाच हवा असायचा,
पडला नाही की रांगत जाऊन हळूच उलटवायचा.
आता तो ट्रक चालवतो. जिना चढताना थांबतो,
फोन आल्यासारखं करतो.

काल घरी फोन केला.
आई, तो अंगावर पीत होता त्या हिवाळ्यात
तुझ्या हाताला काही व्हायचं?
पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
"व्हायचं ना. बोटं आपोआप जुळायची,
मिठाची चिमूट धरावी तशी.
सुटायची नाहीत. मग एनेरेलला
मनगटांवरच उचलून घ्यायची मी.
तुला कुणी सांगितलं?"

पुस्तकात तो हात आहे, पान दोनशे चौदा.
खाली कृती दिली आहे:
दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळा, तीन मिनिटं थांबा.

आई किती थांबली,
ते विचारायचं राहिलं.